व्यावसायिक दर्जाच्या कॅमेरा-लेन्स

छायाचित्रणावर ज्यांची उपजीविका अवलंबून आहे अशांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या, मोठ्या छिद्राच्या, भक्कम बांधणीच्या आणि महाग लेन्सना व्यावसायिक दर्जाच्या लेन्स म्हणतात. बोलण्यात त्यांना ‘प्रो लेन्स’ असा शब्द रूढ आहे. मराठीत भिंग आणि लेन्स हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. या लेखात काचेच्या एकेका घटकाला भिंग आणि अनेक भिंगे नळीत बसवून केलेल्या संपूर्ण जुळणीला लेन्स म्हटले आहे.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यासोबत बहुधा १८–५५ मिमीसारखी एक साधी झूम लेन्स मिळते. तिला ‘किट लेन्स’ म्हणतात. काही काळ तिच्यावर काम केल्यानंतर अनेक छायाचित्रकारांपुढे प्रश्न येतो, की किमतीत कॅमेऱ्यालाही मागे टाकणारी लेन्स घेणे योग्य ठरेल काय. या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. परंतु जादा पैशाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रकाशशास्त्र व व्यवहार या दोन्ही अंगांनी बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. थोडक्यात, महाग लेन्सचा लाभ कमी प्रकाशात, छिद्र पूर्ण उघडे असताना, चित्राच्या कडांवर आणि खडतर वापरात दिसतो. भर उजेडात, छिद्र लहान ठेवून, मध्यभागी असलेल्या विषयाचे चित्र घेताना तो फारसा दिसत नाही.

खुणा आणि नावे

‘व्यावसायिक’ हा दर्जा ठरवणारी कोणतीही आंतरराष्ट्रीय संस्था नाही. तो उत्पादकाने दिलेला असतो. कॅननच्या ‘एल’ मालिकेच्या नळीवर तांबडे कडे असते. निकॉनच्या वरच्या श्रेणीच्या अनेक लेन्सवर सोनेरी कडे आढळते, तर त्याच कंपनीच्या आरशाविना कॅमेऱ्यांसाठीच्या उत्तम लेन्सवर ‘एस’ हे अक्षर असते. सोनीने २०१६ मध्ये ‘जी मास्टर’ मालिका आणली. त्यातील ‘जी’ हे अक्षर मिनोल्टाच्या परंपरेतून आलेले आहे, कारण कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय २००६ मध्ये सोनीकडे गेला. ओलिंपसची ‘प्रो’, पेंटॅक्सची तारांकित आणि सिग्माची २०१२ पासूनची ‘आर्ट’ या मालिकाही याच वर्गात मोडतात.

ही खूण म्हणजे उत्पादकाचे आश्वासन असते, मोजमाप नव्हे. निकॉनची २०१८ मधील झेड माउंटची ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स ‘एस’ वर्गातील असूनही फार मोठ्या छिद्राची नाही. उलट काही जुन्या तांबड्या कड्याच्या लेन्सना आजच्या मध्यम किमतीच्या लेन्स रेखीवपणात सहज मागे टाकतात.

पूर्वपीठिका

चांगली लेन्स म्हणजे अधिक प्रकाश, हे समीकरण जवळजवळ छायाचित्रणाइतकेच जुने आहे. योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणित करून व्यक्तिचित्रांसाठी एक लेन्स रचली आणि व्हिएन्नात फोइक्टलेंडर यांनी ती तयार केली. तोवरच्या लेन्सपेक्षा ती सुमारे पंधरा-सोळा पट अधिक प्रकाश आत घेत असे. त्यामुळे माणसाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसवून ठेवण्याची गरज उरली नाही आणि व्यक्तिचित्रांचा धंदा उभा राहू शकला. तिचा मध्यभाग रेखीव आणि कडा अस्पष्ट असत. चेहरा मध्यभागीच असल्याने गिऱ्हाइकाची तक्रार नसे. कामापुरता गुण आणि कामाआड न येणारा दोष हा विवेक तेव्हापासूनच या क्षेत्रात आहे.

झाइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी १९०२ मध्ये टेसार ही केवळ चार भिंगांची लेन्स रचली. साधेपणा आणि रेखीवता यांचा तिने घातलेला मेळ पुढे कित्येक दशके अनुकरणीय ठरला. भिंगांची संख्या त्या काळी वाढवता येत नसे, कारण हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे वीस पृष्ठभाग असलेल्या लेन्समधून जेमतेम ४४ टक्के प्रकाश पार जाईल, आणि परावर्तित प्रकाश आतल्या आत फिरून चित्रावर धुक्यासारखा पसरेल. झाइसमधील आलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणाऱ्या पातळ लेपाची पद्धत विकसित केली. पुढे एकावर एक अनेक लेप देण्याचे तंत्र आले. प्रत्येक पृष्ठभागावरील हानी अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरली, तर त्याच वीस पृष्ठभागांतून ९० टक्के प्रकाश पार जातो. आजच्या पंधरा-वीस भिंगांच्या झूम लेन्स या लेपांमुळेच शक्य झाल्या आहेत.

कॅननने १९६९ मध्ये फ्लोराइट या स्फटिकाचे भिंग वापरलेली ३०० मिमीची लेन्स आणि १९७१ मध्ये अगोलीय पृष्ठभाग असलेली ५५ मिमी एफ/१.२ लेन्स बाजारात आणली. निकॉनची १९७७ मधील ५८ मिमी एफ/१.२ ‘नॉक्ट’ ही विशेष उल्लेखनीय आहे. तिचे पुढचे अगोलीय भिंग हाताने घासून तयार केले जाई. रात्रीच्या दृश्यात कोपऱ्यांतील दिव्यांना पक्ष्याच्या पंखांसारखे फराटे फुटतात, त्या दोषाला आळा घालण्यासाठी ती घडवलेली होती. ज्याला रात्रीची चित्रे घ्यायची नाहीत, त्याला त्या श्रमांचे मोल भरण्याचे काही कारण नव्हते.

जादा किंमत कशाची

लेन्सच्या छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणून अंक लहान तेवढे छिद्र मोठे. २०० मिमी केंद्रांतराला एफ/४ साठी ५० मिमी व्यासाचे छिद्र पुरते, एफ/२.८ साठी मात्र सुमारे ७१ मिमी लागते. प्रकाश दुप्पट होतो, पण त्यासाठी काचेचा व्यास, जाडी व वजन यांत कितीतरी वाढ करावी लागते. कॅननच्या ७०–२०० मिमी लेन्सची दोन रूपे पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. स्थिरीकरणाची सोय असलेली एफ/४ लेन्स ७६० ग्रॅम वजनाची होती, तर एफ/२.८ ची २०१० मधील आवृत्ती १,४९० ग्रॅमची. तांबडे कडे दोन्हींवर आहे. दिवसभर खांद्यावर वागवायच्या वस्तूत पाऊण किलोचा फरक किरकोळ नसतो, आणि हे वजन दुकानात पाच मिनिटे हातात धरून कळत नाही.

छिद्र मोठे केले की किरण भिंगाच्या कडेकडेच्या भागांतूनही येऊ लागतात आणि दोष वाढतात. कडेचे किरण व मधले किरण एका बिंदूत मिळत नाहीत, यास गोलीय विपथन म्हणतात. निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरावर एकत्र येतात, ते वर्णविपथन. पांढऱ्या धोतराच्या काठाला किंवा आकाशासमोरच्या फांदीला जांभळी अथवा हिरवी किनार दिसते ती यामुळे. यांवर उपाय म्हणून अगोलीय भिंगे, अत्यल्प अपस्करणाची काच आणि फ्लोराइट वापरतात. ही काच घडवणे, घासणे, तिची अचूक जुळणी करणे खर्चिक असते. किमतीचा मोठा वाटा येथे जातो.

दुसरा वाटा यांत्रिक बांधणीचा असतो. धातूची वा मजबूत प्लास्टिकची नळी, जोडांवर रबरी कडी, धूळ व शिंतोडे रोखणारी रचना, वेगवान व नि:शब्द ऑटोफोकस मोटर, वर्षानुवर्षे फिरूनही सैल न पडणारी झूमची कडी या गोष्टी चित्रात दिसत नाहीत; लेन्स किती वर्षे बिनतक्रार चालेल हे त्यांवर ठरते. कॅननच्या मोठ्या लेन्सची नळी पांढरट असते, त्यामागेही कारण आहे. उन्हाच्या तापाने फ्लोराइटचे भिंग प्रसरण पावते. पांढरा रंग ताप कमी शोषतो. पुढे ती ओळखीची खूण बनली आणि मैदानाच्या कडेला पांढऱ्या लेन्सची रांग दिसणे ही एक जाहिरातच झाली.

धूळ-पाणी रोखणारी रचना म्हणजे जलाभेद्यता नव्हे. काही लेन्समध्ये पुढे फिल्टर बसवल्याशिवाय ही रचना पूर्ण होत नाही, आणि कॅमेरा तशाच प्रकारचा नसेल तर पाणी कॅमेऱ्यातून शिरते. पाण्याने झालेली हानी बहुधा हमीत बसत नाही. आषाढी वारीत पालखीबरोबर चालत चित्रे घेणारे अनुभवी छायाचित्रकारही लेन्सवर साधी प्लास्टिकची पिशवी चढवतात ती याचसाठी.

रेखीवता : कोठे दिसते, कोठे दिसत नाही

खरेदीच्या चर्चेत सर्वाधिक जोर रेखीवतेवर असतो आणि सर्वाधिक निराशाही तिच्यामुळेच पदरी येते. कोणतीही बरी लेन्स पूर्ण उघड्या छिद्रापेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली, म्हणजे एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास, उत्तम काम देते. तेथे विपथने बरीच ओसरलेली असतात. स्वस्त आणि महाग लेन्समधील अंतर या मापावर, निदान चित्राच्या मध्यभागी, फार कमी उरते.

छिद्र आणखी लहान केले की विवर्तनाचा नियम लागू होतो आणि त्यापुढे पैशाचे काही चालत नाही. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. त्यामुळे बिंदूचे चित्र बिंदू न राहता लहानशी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रोमीटर, तर एफ/१६ ला सुमारे २१ मायक्रोमीटर असतो. ३६ × २४ मिमीच्या, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी सुमारे ६ मायक्रोमीटर असते. म्हणजे एफ/१६ ला एक बिंदू तीन-साडेतीन पिक्सेल रुंद होतो, मग लेन्स कोणत्याही कंपनीची असो. तिपाईवर कॅमेरा लावून एफ/१६ ला सह्याद्रीच्या रांगांचे चित्र घेणाऱ्याला महाग लेन्सचा लाभ मुख्यतः समोरून येणाऱ्या सूर्यप्रकाशात होईल, कारण चांगले लेप तेथे धुरकटपणा रोखतात.

चित्र पाहिले कोठे जाते हाही प्रश्न आहे. ‘४-के’ पडद्यावर ३,८४० × २,१६० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८.३ मेगापिक्सेल मावतात. लग्नाच्या अल्बमचे १२ × १८ इंची पान ३०० ठिपके प्रति इंच या दराने छापायचे तर सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. कोपऱ्यांतील अस्पष्टता भिंतीवरच्या मोठ्या छपाईत दिसते, अल्बमात क्वचित दिसते, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसत नाही.

वक्रता, कोपऱ्यांतील काळोखी आणि रंगीत कडा यांपैकी बरेच दोष आता कॅमेऱ्यातील वा संगणकावरील प्रणाली आपोआप दूर करतात. आरशाविना कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्स तर ही दुरुस्ती गृहीत धरूनच रचलेल्या असतात. मात्र जो तपशील लेन्समधून मुळात आलाच नाही तो कोणतीही प्रणाली प्रामाणिकपणे परत आणू शकत नाही, आणि चुकलेला फोकसही तिला दुरुस्त करता येत नाही.

उत्पादकांच्या संकेतस्थळांवर ‘एमटीएफ’ आलेख असतात. दर मिलिमीटरला १० व ३० रेषा असलेल्या जाळीतील काळ्या-पांढऱ्याचा भेद लेन्स मध्यापासून कोपऱ्यापर्यंत कितपत टिकवते हे ते दाखवतात. १० रेषांचा आलेख एकंदर उठावाचा आणि ३० रेषांचा बारीक तपशिलाचा निदर्शक मानतात. काही उत्पादकांचे आलेख रचनेच्या गणितातून काढलेले असतात, काहींचे प्रत्यक्ष मोजलेले. दोन भिन्न कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून निकाल लावणे म्हणूनच बरोबर नाही.

तीन ५० मिमी लेन्स

कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणले, तेव्हापासून या माउंटसाठी ५० मिमीच्या तीन श्रेणी उपलब्ध झाल्या. एफ/१.८ ही सर्वांत स्वस्त (१९८७, पुढील आवृत्त्या १९९० व २०१५), एफ/१.४ ही मधली (१९९३) आणि एफ/१.२ ही ‘एल’ मालिकेतील (२००६). एफ/१.८ मध्ये सहा भिंगे असून २०१५ च्या आवृत्तीचे वजन सुमारे १६० ग्रॅम आहे, एफ/१.२ मध्ये आठ भिंगे असून वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे. किमतीतील अंतर दहा पटींहून अधिक होते. प्रकाश मात्र सव्वादोन पटच वाढतो.

एवढे पैसे मोजून रेखीवता त्याच प्रमाणात वाढते असेही नाही. एफ/१.२ लेन्सच्या रचनेत गोलीय विपथन काही अंशी शिल्लक आहे. पार्श्वभूमी त्यामुळे मृदू विरघळल्यासारखी दिसते. तसेच जवळच्या अंतरावर छिद्र लहान केले असता फोकसची जागा किंचित सरकते, हेही त्यामुळेच. व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांना या लेन्सचा मृदूपणा प्रिय आहे. एफ/५.६ ला कागदपत्रांची वा शिल्पांची नोंद करू पाहणाऱ्याला एफ/१.८ ची लेन्स पुरेशी ठरते.

याच तुलनेची दुसरी बाजू अधिक उद्‌बोधक आहे. १८–५५ मिमीच्या किट लेन्सचे छिद्र ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ५० मिमी एफ/१.८ लावली तर साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश मिळतो. जेथे १/३० सेकंद लागत होता तेथे १/२५० सेकंदापेक्षाही कमी वेळ पुरतो, आणि हलणारे मूल हललेले दिसत नाही. किट लेन्सला कंटाळलेल्या माणसासाठी पहिली मोठी सुधारणा म्हणजे बहुधा सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

कोणत्या कामात फरक पडतो

विवाहसमारंभाचे छायाचित्रण हे महाराष्ट्रातील बहुसंख्य व्यावसायिकांचे पोटापाण्याचे काम आहे आणि लेन्सची खरी कसोटी तेथेच लागते. गोरज मुहूर्ताची वेळ, कार्यालयातील पिवळट दिवे, व्हिडिओवाल्याचा प्रखर झोत एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूला अंधार. त्यात मंगलाष्टके संपताच अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि हारांची अदलाबदल होते. हा सारा प्रसंग मोजक्या सेकंदांचा असतो. ‘पुन्हा एकदा’ म्हणण्याची सोय नसते. म्हटले तरी वधूच्या चेहऱ्यावर ते भाव पुन्हा येत नाहीत. अशा वेळी २४–७० मिमी एफ/२.८ लेन्स झूमच्या दोन्ही टोकांना तेच छिद्र कायम राखते, फोकस चटकन धरते आणि एफ/५.६ च्या तुलनेत चौपट प्रकाश देते. चुकलेल्या एका क्षणाची किंमत येथे लेन्सच्या किमतीशी तोलावी लागते, कारण नाराज झालेले एक घर पुढची पाच कामे घालवू शकते.

नाटक, शास्त्रीय संगीताची मैफल, तमाशाचा फड येथेही फ्लॅश वापरता येत नाही वा वापरू नये, म्हणून मोठ्या छिद्राला पर्याय नसतो. यासाठी ८५ मिमी एफ/१.८ सारख्या मध्यम किमतीच्या स्थिर केंद्रांतराच्या लेन्सही उत्तम काम देतात. जागेवरून फारसे हलता येत नसल्यास मात्र झूम हवी.

वन्यजीवांच्या छायाचित्रणात ही तफावत टोकाला जाते. ताडोबात पहाटे प्रवेश मिळतो तेव्हा बांबूच्या दाटीत प्रकाश अगदी कमी असतो. १५०–६०० मिमीच्या सिग्मा व टॅमरॉनच्या झूम लेन्स ६०० मिमीला एफ/६.३ पर्यंत उघडतात. सिग्माची हलकी आवृत्ती दोन किलोच्या आत आहे. ६०० मिमी एफ/४ ही व्यावसायिक लेन्स तिच्या सुमारे अडीच पट प्रकाश घेते आणि किमतीत तिच्या अनेक पट असते. पहाटेचा पहिला अर्धा तास आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास यांत हा फरक निर्णायक ठरतो. उन्हाळ्यात दहा वाजता पाणवठ्यापलीकडच्या वाघावर दोन्ही लेन्स रोखल्या तर तापलेल्या हवेच्या लहरी दोन्हींचा तपशील सारख्याच पुसून टाकतात. वर्षातून एकदा सफारीला जाणाऱ्याने या गणिताकडे दुर्लक्ष करू नये.

उत्पादनांची छायाचित्रे, पुस्तकांची व हस्तलिखितांची प्रतिमांकने, शाळा-कॉलेजांची गटचित्रे या कामांत प्रकाश आपल्या ताब्यात असतो आणि छिद्र एफ/८ च्या आसपास असते. तेथे तोच पैसा चांगली तिपाई व दोन दिवे यांवर खर्च केल्यास चित्रात अधिक सुधारणा दिसते.

मधला मार्ग

निवड केवळ किट लेन्स आणि तांबडे कडे यांतच करावी लागते असे नाही. टॅमरॉनने २०१८ मध्ये सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी २८–७५ मिमी एफ/२.८ लेन्स ५५० ग्रॅम वजनात दिली. सोनीची मूळ २४–७० मिमी जी मास्टर ८८६ ग्रॅमची होती. २४ मिमीची रुंदी सोडायची तयारी असेल तर पैसा आणि वजन दोन्ही वाचतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी सिग्माची १८–५० मिमी एफ/२.८ (२०२१) ही तीनशे ग्रॅमच्या आतली लेन्स आहे. लहान सेन्सरवर मोठ्या सेन्सरची महाग लेन्स लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिच्या प्रतिमेचा केवळ मधला भाग वापरला जातो, आणि १.५ पटीच्या हिशेबाने २४–७० मिमीचे दृश्यक्षेत्र ३६–१०५ मिमीइतके अरुंद होते; लहानशा खोलीतील समारंभात भिंतीला पाठ टेकूनही सगळी माणसे चौकटीत बसत नाहीत.

निर्णयापूर्वीची तपासणी

चित्रासोबत केंद्रांतर, छिद्र व शटरची गती यांची नोंद आपोआप साठवली जाते. वर्षभरातील आवडलेली आणि फसलेली अशी दोन्ही चित्रे या नोंदींसह चाळली तर उत्तर पुष्कळदा तेथेच मिळते. फसलेली चित्रे हाताच्या कंपाने फसली असतील तर संपूर्ण चौकट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसते. विषय हलला असेल तर पार्श्वभूमी स्पष्ट आणि माणूस अस्पष्ट असतो. फोकस चुकला असेल तर विषयाच्या पुढची वा मागची वस्तू रेखीव असते. या तिन्ही दोषांपैकी लेन्स बदलून दूर होणारा दोष कोणता, हे ठरवणे मग अवघड नाही. कंपाचा दोष शटरची गती वाढवूनही जातो. हाताने धरलेल्या कॅमेऱ्यासाठी एक भागिले केंद्रांतर, म्हणजे २०० मिमीला किमान १/२०० सेकंद, हा जुना अंदाज आजही उपयोगी पडतो.

एकाच नमुन्याच्या दोन प्रतीही सारख्या नसतात. लेन्स भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतील लेन्सरेंटल्स या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका नमुन्याच्या अनेक प्रती मोजून हा फरक प्रसिद्ध केला. महाग लेन्सही त्याला अपवाद नाहीत. एखादे भिंग मध्यरेषेपासून किंचित ढळलेले असल्यास चित्राचा एक कोपरा इतर तिन्हींपेक्षा अस्पष्ट येतो. नव्या लेन्सची परीक्षा घरीच घेता येते. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने सपाट चिकटवावीत, कॅमेरा तिपाईवर भिंतीला नेमका समांतर ठेवावा, छिद्र पूर्ण उघडून चित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे ताडून पाहावीत. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हे करणे हिताचे.

खर्चाचा हिशेब

मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. उदाहरणादाखल, एखाद्या लेन्सची किंमत १,६०,००० रुपये आणि दिवसाचे भाडे १,६०० रुपये धरले, तर खरेदीची रक्कम भाड्याच्या १०० दिवसांइतकी होते. पाच वर्षांनी ती ८०,००० रुपयांना विकली गेली, तर प्रत्यक्ष खर्च ५० दिवसांच्या भाड्याएवढाच, म्हणजे वर्षाला दहा दिवस. लग्नसराईत वर्षाला चाळीस दिवस काम करणाऱ्याला खरेदी परवडते. वर्षाकाठी चार कार्यक्रम करणाऱ्याने भाड्याने आणावी. कर्ज काढून घेतल्यास व्याजही या हिशेबात धरले पाहिजे. पुष्कळ नवे व्यावसायिक ते धरत नाहीत आणि पहिल्या हंगामाची कमाई हप्त्यांतच जाते.

लेन्सची पुनर्विक्री किंमत कॅमेऱ्याच्या तुलनेत सावकाश उतरते, असे सामान्यतः दिसते. मात्र माउंट बदलले की हा आधार डळमळतो. कॅनन व निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आरशाविना कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. लेन्सची बैठक आणि सेन्सर यांतील अंतर कॅननमध्ये ४४ मिमीवरून २० मिमी, तर निकॉनमध्ये ४६.५ मिमीवरून १६ मिमी झाले. जुन्या लेन्स अनुकूलक कडे लावून नव्या कॅमेऱ्यांवर चालतात, उलट मात्र शक्य नाही. यामुळे जुन्या माउंटच्या उत्तम लेन्स वापरलेल्या बाजारात पूर्वीपेक्षा स्वस्त मिळू लागल्या आहेत, आणि बेताच्या भांडवलावर धंदा सुरू करणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब लाभाचीच आहे. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांच्या दुकानांची जुनी वस्ती असून तेथे नव्याबरोबर वापरलेल्या मालाचाही व्यवहार चालतो. अधिकृत आयातदाराचे बिल नसलेली प्रत स्वस्त वाटली, तरी हमीतील दुरुस्ती तिला बहुधा मिळत नाही.

दमट हवा आणि बुरशी

मुंबई, कोकण आणि गोवा येथील पावसाळ्यात लेन्सला सर्वांत मोठा धोका बुरशीचा असतो, आणि बुरशी तांबडे कडे पाहून मागे फिरत नाही. झूम फिरवताना हवा आत-बाहेर होतेच. रबरी कडी धूळ अडवतात, बाष्प पूर्णपणे अडवत नाहीत. अंधाऱ्या, दमट जागी पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. त्यांतून स्रवणाऱ्या आम्लांमुळे लेप आणि कालांतराने काचही कायमची खराब होते. कातडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात लेन्स तिच्यात ठेवू नये. सुमारे ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता राखणारे विजेवरचे कोरडे कपाट हा उत्तम उपाय आहे. ते नसल्यास घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. वापरलेली लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने बॅटरीचा झोत टाकावा व तिरपे पाहावे. धुळीचे चार कण चालतात, तंतू दिसल्यास सौदा सोडावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ती ओलावा शोषून तृप्त झाली असे समजावे. ओव्हनमध्ये मंद तापमानावर सुकवून ती पुन्हा वापरता येते.